गाठीला सलाईन

१ मार्च २००३, शनि. महाशिवरात्र
उपास. साबुदाणा गिचका झाला, कोणी काही बोललं न्हाई. ह्यांचं तर चित्तच ठिकाणावर न्हाई. पंख्याच्या मोटारीवर ताक घुसळायचं यंत्र केलं व्हतं, त्याचं लोणी अजून भिंतीवर हाय. आता नवीन खूळ. साखरेच्या गाठीचं मशीन म्हणे. होळी तोंडावर आली, साखरेची पोती येऊन पडली, लाकडी साचे धुवायचे तसेच, आन् आमचे मालक तांब्याची नळी घासत बसलेत. नरसीत दुसरा कोणी गाठीवाला असा डोकेबाज न्हाई, देवाची कृपा.

६ मार्च, गुरु.
शिलाई मशीनचं पायडल गायब! माझ्या माहेरचं मशीन, दादानी लग्नात दिलेलं. म्हणतात, "तू तर शिवणं सोडलंच हाय की." सोडलं न्हाई, टाईम भेटत न्हाई. लई भांडले. शेजारच्या पार्वताबाई भिंतीपलीकडून ऐकून राहिल्या व्हत्या, मुद्दाम खोकल्या. शरम वाटली. पायडल काही वापस भेटलं न्हाई.

११ मार्च, मंगळ.
साच्यात पाक ओतताना बोटं भाजली. दरसालचंच. हे हात धरून बघत बसले. मी म्हणलं, सोडा, काम पडलंय. तर म्हणाले, "औंदा शेवटचं."
"काहून? मी मरून राहिले का?"
नुसते हसले. येडं माणूस.

१७ मार्च, सोम. होळी
लिहावं का न्हाई. लिहिते.
दादा जवळा बाजारहून आला. त्याचं किराणा दुकान, पाडव्याच्या गाठ्या आमच्याच घेतो. पांढरा कडक सफारी घालून आलता. पोळ्या झाल्या, मंग ह्यांनी सगळ्यांला अंगणात बोलावलं. दादा, पार्वताबाई, गल्लीतली लेकरं, पारावरचे रिकामे चारपाच. वर पत्र्याचा डबा, त्यात पाक. खाली नळी, नळीला कॉक. पायडल मारलं की खालून साचे सरकणार आन् एकेका खळग्यात पाक ठिबकणार. पयली ओळ झकास पडली. दोरा बराबर मधात. दादा म्हणला, "वा दाजी!" ह्यांचं तोंड असं फुललं, मी कधी पाह्यलं न्हाई.
आन् नळीत पाक गोठला. हे कॉक फिरवून राहिले, फुंकून राहिले. स्टोव्हची पिन घातली. भसकन सगळा पाक दादाच्या सफारीवर. कोणी हसलं न्हाई. दाजीला कोण हसणार?
मी हसले. आधी मी. आन् वरून म्हणलं, "अगं बाई, गाठीला सलाईन लावलं की हो! वाचती का बघा!"
मंग काय. पार्वताबाई पोट धरून खाली बसल्या. दादा पाक खरडत हसून राहिला. हे उभे राह्यले नळी हातात धरून. कुठं बघावं कळंना त्यांला.

१८ मार्च, मंगळ. धुळवड
पोरं रंग घेऊन दारात. "सलाईन! ए सलाईन!" ह्यांनी दार उघडलं, रंग लावून घेतला, परत आत गेले. आमच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं बाटली काढली, खाली नळी. मी पुसली. पुसताना पोरं अजून वरडली.

२० मार्च, गुरु.
माझ्याशी बोलणं बंद. मशीन मोडून पोत्यात भरलं, माळ्यावर टाकलं. पायडल न बोलता शिलाई मशीनला लावून दिलं, तेल पण घातलं. ते मला जास्त लागलं. पोरीला, मनीला म्हणाले, पाडवा झाला की हिंगोलीला जाणार, धान्याच्या मोंढ्यात हमाली, खोली बघतो. गाठ्या बंद. लेकरू दहा वर्षांचं, त्याला सांगतात, मला न्हाई.
ज्याच्या आज्यापासून हे काम, त्यो माणूस पोती उचलणार. माझ्या एका शब्दापायी.

२२ मार्च, शनि.
मनी आज अंगणात दोरे गुंडाळता गुंडाळता म्हणली, "माय, तुला दवाखान्यात सलाईन लावलं व्हतं ना, तवाच बाबाला मशीन सुचलं. बाबा म्हणले, थेंब कसा हळूहळू पडतो, कोणाचा हात लागत न्हाई. तुह्या मायचा बी हात भाजणार न्हाई."
टायफॉईड झालता मला, मागल्या साली. हे खाटेपाशी बसून बाटलीकडं बघत राहायचे. मला वाटायचं, माझ्याकडं बघायचा कंटाळा आला असंल माणसाला.
आन् मी त्यालाच नाव ठिवलं. मला तर म्हाईत बी नव्हतं आन् नेमकं तेच तोंडातून निघालं! जीभ झडली असती तर बरं. दिवसभर कोणाकडं वर मान करून बघवलं न्हाई, मनीकडं पण.

२५ मार्च, मंगळ.
हातपंपावर एका पोराला धरलं, कान पिळला. "आमच्या घरच्यांला काय म्हणून राहिला रे?" त्याची माय आली भांडायला. आता ज्यांला म्हाईत नव्हतं त्यांला बी म्हाईत झालं. मी पार्वताबाईला म्हणलं, मावशी, तुमी तरी लोकांला सांगा, बस करा. तर म्हणाल्या, "अगं, नाव तर तूच ठिवलं. आमी नुसतं उचललं."
घागर अर्धीच भरून आले.

२८ मार्च, शुक्र.
आज सांगायचंच असं ठरवलं. दुपारी चहा नेऊन दिला. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं. तोंडात आलं, "साखर कमी पडली का?" गाठीवाल्याच्या घरात साखर! हे मनीकडं बघून म्हणाले, "मायला सांग, बराबर हाय." कप ठिवला, साच्याकडं गेले.
पाक असा पांढरा फक करून राहिलेत औंदा, की बघत राहावं. शेवटचा म्हणून. मला ते बघवंना.

१ एप्रिल, मंगळ.
दुकानात गर्दी. हे आत पाक ढवळून राहिले व्हते, मी पुढं ताजव्यावर गाठ्या तोलायला. डोंगरकड्याचा एक माणूस मागून मान काढून म्हणला, "ओ बाई, ते सलाईनवाले हेच का?" दोघंतिघं हसले. पार्वताबाई तिथंच, गाठी निवडून राहिल्या व्हत्या. सगळे माझ्या तोंडाकडं. आतलं ढवळणं थांबलं.
मी म्हणलं, "सलाईनवाले बिलाईनवाले कोणी न्हाई हितं. दिगंबरराव किसनरावांचं दुकान हाय हे."
लग्नात घेतलं व्हतं ह्यांचं नाव, बायांनी दार अडवलं तवा, तेबी उखाण्यात. त्याच्यानंतर आज. भर दुकानात, उखाण्याबिगर, ताजवा हातात. पार्वताबाई म्हणाल्या, "अगं बया!" आन् तो मेला माणूस म्हणतो, "कोणाचं?" गलक्यात ऐकू गेलं न्हाई त्याला! मंग आणिक घेतलं. एवढ्या मोठ्यानं की समोरच्या हाटेलातले वळून बघायला लागले. लाजेनं मान वर होईना, ताजव्याच्या काट्याकडंच बघत राह्यले.
हे बाहेर आले, हात पाकानं भरलेले. त्या माणसाला गाठी निवडून दिली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "एवढी काहून वरडून राहिली? भैरा हाय का तो?"
होळीपासून माझ्याशी पयलं बोलणं.
मी म्हणलं, "व्हय, भैराच हाय." हे परत आत गेले, ढवळणं चालू झालं.
उद्या पाडवा. हिंगोलीचं काही बोलले न्हाईत. मी बी इचारलं न्हाई.