पूर्वेकडची आठ फूट रुंद वाट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी शिवणकाम, हल्ली घरातल्या घरात येरझाऱ्या, हे पत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी मला दम दिलेला नाही की गोड बोलून गळ्यात काही मारलेले नाही. याआधीची दोन मृत्युपत्रे मी फाडून टाकली. हे तिसरे. एका जागी बसवत नाही म्हणून उभ्याने लिहिते आहे. अक्षर हलले असेल तर हात कापतो असा अर्थ लावू नये.

१. घर. टेकडीवरच्या या वसाहतीतले सगळ्यात शेवटचे, नऊ खोल्यांचे, आता माझ्या एकटीच्या नावावर असलेले हे घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मेनिम्मे. आमच्या ह्यांनी ते हौसेने घेतले. हे कापड कापायचे, मी शिवायची. शाळांचे गणवेश शिवता शिवता दोन मशिनांची चाळीस झाली, आणि कानात बारा महिने घरघर. म्हातारपणी शांत जागी राहायचे, एवढेच ह्यांचे मागणे होते. जागा मिळाली. इथली कुंपणे इतकी उंच, की शेजारणीचा चेहरा मी दोन वर्षांनी पाहिला, तोही गाडीच्या काचेतून. ह्यांना ते मानवले. मी पहिल्या दिवसापासून या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे, काहीतरी कुठेतरी विसरल्यासारखी.

दागिने मुलीला. तिला आवडत नाहीत, तरी तिलाच.

२. पायाने चालवायचे जुने शिलाई मशीन, ह्यांची मोठी कात्री आणि बटणांचे सगळे डबे काजेवालीला. तीस वर्षे तिने माझ्याकडे काजे केली. टेकडीखाली राहते. दर गुरुवारी पायऱ्या चढून वसाहतीच्या मागच्या छोट्या फाटकाने यायची आणि माझ्या चहाला नावे ठेवायची. वसाहतीत मला तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागे शिलाईबाई. ती दोन्हीकडे बाईच म्हणते.

३. छोटे फाटक. याची वाटणी करता येत नाही, पण हे लिहिल्यावाचून पुढचे कळणार नाही. कोणाची तरी सायकल चोरीला गेली आणि वसाहतीच्या समितीची सभा भरली. अध्यक्ष म्हणजे समोरच्या बंगल्यातले निवृत्त न्यायाधीश. छोटे फाटक कायमचे बंद करावे असे त्यांनी सुचवले. मग माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे विचारले, "तुमची जुनी कामगार मंडळी त्याच वाटेनं येतात ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला लाज वाटली. फाटक बंद करण्याच्या बाजूने मी हात वर केला. घरी आल्यावर हे म्हणाले, "तूही?" मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आठ महिन्यांनी, सकाळी अकराला, बागेत बसल्या बसल्या ह्यांच्या छातीत कळ आली. मी खालच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा दवाखाना पायऱ्यांच्या पायथ्याशी. ते बॅग घेऊन धावत वर आले, तर फाटकाला कुलूप. किल्ली समितीच्या कार्यालयात, आणि कार्यालय दुपारी उघडणार. लोखंडावर हात आपटल्याचा आवाज बागेपर्यंत येत होता. मी पळत गेले. त्यांनी गजांतून एक गोळी माझ्या हातावर ठेवली, ह्यांच्या जिभेखाली ठेवा म्हणाले, खाली उतरले आणि रिक्षाने टेकडीला वळसा घालून मोठ्या फाटकाने आले. पस्तीस मिनिटे. तोवर ह्यांनी मान टाकली होती.

पुढे एकदा मी डॉक्टरांना म्हटले, खरे काय ते सांगा. ते म्हणाले, "वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण मी त्यांच्याजवळ असतो."

४. मोठ्या फाटकावरचा मिशीवाला पहारेकरी. घरून होकार आल्याशिवाय कोणाला आत सोडायचे नाही असा नियम. त्या दिवशी माझा फोन गवतात पडला होता. त्याने होकाराची वाट पाहिली नाही, वहीत सही घेतली नाही, डॉक्टरांना सोडले. महिन्याभरात समितीने त्याला काढले. तो आता दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. माझी गाडी त्याला.

५. अध्यक्षांना काही नाही, रागसुद्धा नाही. सहा वर्षे तो मी जिवापाड सांभाळला. सुचवले त्यांनी, पण हात माझा होता.

६. वाट. माझ्या आवाराच्या पूर्वेकडची, वसाहतीच्या रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची आठ फूट रुंद पट्टी कलम एकमधून वगळावी. ~~माझ्या पश्चात~~ मागची भिंत फोडून ती पायऱ्यांना जोडावी, आणि कोणालाही येण्याजाण्यासाठी कायम खुली ठेवावी. मुलाला हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, असल्या घराला गिऱ्हाईक मिळायचे नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "कागद मी बघते." म्हणून हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम तिच्याकडे.

इथवर लिहून साक्षीदारांसमोर वाचले. काजेवालीही आली होती, सव्वा तास चालून, मोठ्या फाटकावर पिशवी उलटी करून दाखवून. तिला यात वाटा आहे म्हणून ती साक्षीदार नाही, नुसती ऐकत होती. कलम सहा संपल्यावर म्हणाली, "बाई, वाट द्यायचीय ना? मग मरायची वाट कशाला बघताय?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. मी खिडकीपर्यंत गेले, परत आले. उत्तर होते, पण ते तिला सांगण्यासारखे नव्हते. मेल्यावर अध्यक्ष मला काही विचारू शकणार नाहीत आणि चार माणसे माझ्याकडे वळून बघणार नाहीत, एवढ्यासाठीच मी थांबले होते.

म्हणून 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले आहेत आणि तिथे सही केली आहे. गवंड्याशी बोलणे झाले. उद्या सकाळी आठला तो भिंत फोडायला येतो. समिती नोटीस धाडील. धाडू दे, मी तिथेच उभी असेन. माझ्यामागे मुलीने एवढेच पाहावे, की त्या वाटेवर कोणी फाटक बसवणार नाही.

वाचले, पटले, सही केली.

सही: (शिलाईबाई)

साक्षीदार:
१. टेकडीखालचे डॉक्टर (सही)
२. टेकडीखालच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च, सोमवार, दुपारी चार वाजता