बिनचष्म्याची ठमी

११ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! दुकान बंद करून आलो तर ही टीव्हीच्या पडद्यासमोर. भाजी करपलेली. पडद्यात ठमी हसतेय, हात पुढे करतेय, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. लेक जाऊन वर्ष होत आलं आणि आमच्या घरात ती रोज संध्याकाळी हसते.
माझी खुर्ची कोणीतरी खोलीच्या मधोमध आणून ठेवलेली. झाडताना सरकत असेल. पेपरला उजेड नको का? ओढून खिडकीशी नेली.

१२ फेब्रुवारी
पडदा ठमीनेच आणलेला. टीव्हीच्या पडद्यांच्या दुकानात नोकरीला होती, तिथला नमुन्याचा पडदा स्वस्तात मिळाला. त्याआधी तिने आम्हांला चष्मेवाला सिनेमा दाखवला होता. मासा अंगावर आला आणि मी हिचा हात गच्च धरला— ते तिने गावभर केलं!
हा मात्र बिनचष्म्याचा. ‘‘बाबा, चष्मा नको, पण जागेवर बसायचं. एकाच माणसापुरती जागा असते. बाजूला गेलात की माझी दोन डोकी दिसतील.’’
मी म्हणालो, ‘‘एका डोक्याने आम्ही बेजार, दुसरं कुठे ठेवू?’’
हसून हसून खाली बसली. तिच्या दुकानातल्या कॅमेऱ्यासमोर उभी राहून स्वतःचं चित्रण करून आणलं. मग तो ताप. पुढचं लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी
आज एक बाई नवऱ्याचा फोटो फ्रेम करायला घेऊन आल्या. ‘‘काच चकाकणारी नको हो, समोर दिवा आहे. त्यांचा चेहराच दिसत नाही मग.’’ अशी माणसं रोज येतात. मी काच पुसतो, बारीक खिळे ठोकतो, कागदात गुंडाळून देतो.
ठमीचा फोटो अजून खणात पडलाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.
घरी आलो. खुर्ची पुन्हा मधोमध! पुन्हा ओढली.

२२ फेब्रुवारी
भांडलो. नको ते बोललो. ‘‘ती काय तुझ्या एकटीची होती? नीट दिसायची ती एकच जागा अडवून बसतेस!’’
ही म्हणाली, ‘‘खुर्ची खिडकीशी कोण नेतं?’’
विषय बदलण्यात ही पटाईत!
खरं सांगायचं तर मला बघवतच नाही. दारातून आत येताना ठमी दिसते तेवढी पुरते— दोन नाकं, चार डोळे, मधून फाटल्यासारखी. मी पेपर तोंडासमोर धरतो. पण तिचं हसू ऐकू येतंच. पेपर वाचून होत नाही.

२३ फेब्रुवारी
अबोला.

२६ फेब्रुवारी
अजून अबोला. चहा मात्र वेळेवर समोर येतो. कप जरा जोरात आदळून.

२ मार्च
ही बहिणीकडे गेली. मला न सांगता. शेजारणीकडे निरोप ठेवून. घर खायला उठलंय.

३ मार्च
पडदा सुरू केला. हिच्या खुर्चीत बसलो. आता तरी लेक नीट बघू म्हटलं.
दोन डोकी! इकडे सरकलो, तिकडे वाकलो. दोनच.
उठलो. माझी खुर्ची जाताना ही पुन्हा मधोमध ठेवून गेलेली. तिच्यात टेकलो.
ठमी. एकच. अख्खी. हात पार माझ्या गुडघ्यापर्यंत आलेला.
जागा माझ्या खुर्चीची होती. रोज ही मला तिथे ठेवायची आणि रोज मी उजेडासाठी खिडकीशी जायचो. मी कधीतरी पेपर खाली ठेवीन म्हणून ही वर्षभर फाटलेली लेक बघत बसली.
हिला फोन लावला. ‘‘जेवलीस का?’’ एवढंच विचारता आलं. पुढे रडूच फुटलं.