चार शहाळी

बीड, शनिवार

प्रिय दादा,

आधी जे घडलं ते क्रमानं लिहिते. यात माझं मत नाही.

१. गेल्या रविवारी मी ड्युटीवर असताना तू माझ्या खोलीवर आलास. आबांसाठी चार शहाळी आणलीस.
२. आबा चारही प्यायले. वर तू त्यांना तांब्याभर पाणी दिलंस.
३. मी परत आले तेव्हा त्यांना पाय उचलता येत नव्हते आणि नाडी फार मंद होती.
४. मी त्यांना आमच्या डायलिसिस सेंटरला नेलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कोणत्याही क्षणी थांबलं असतं. इंजेक्शनं देऊन लगेच मशीनवर घेतलं. ते वाचले.
५. तोवर तू चाकणच्या गाडीत बसला होतास.
६. दुसऱ्या दिवशी आईचा गावाहून फोन आला. मी आबांना तहानेनं मारते आहे, असं तू तिला सांगितलं होतंस.

आता ही गोष्ट गावभर झाली आहे. पाटोद्याच्या बाजारात आईला कुणीतरी म्हणालं, तात्याबाची लेक नर्स हाय आन बापाला पाण्यावाचून ठिवती. मी नर्स नाही, डायलिसिस टेक्निशियन आहे, पण ते जाऊ दे. मी पाणी मोजून का देते हे तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही. आता वाच.

तुझं सगळं रक्त दिवसभरात कितीतरी वेळा मूत्रपिंडांतून जातं. तिथल्या लाखो बारीक जाळ्या रक्तातलं पाणी, मीठ, साखर, घाण, सगळंच आधी गाळून बाहेर काढतात. दिवसाला दीडशे लिटरच्या वर. पुढच्या नळ्या त्यातलं कामाचं तेवढं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन जाते. उन्हात राबलास की त्या पाणी राखतात, जास्त प्यायलास की सोडून देतात. तू शहाळं पितोस तेव्हा त्यातलं जास्तीचं पोटॅशियम त्या काढून टाकतात आणि तुला पत्ताही लागत नाही. आबांची मूत्रपिंडं यातलं काहीच करत नाहीत. त्यांनी प्यायलेलं पाणी आधी पायांत साठतं, मग फुप्फुसांत. आठवड्यातून तीनदा मशीन ते ओढून काढतं. मधल्या दिवसांत ते काम कुणीच करत नाही. म्हणून मी मोजते. मला त्यात मजा येत नाही.

आबांना हे तुझ्यापेक्षा लवकर कळलं होतं. जत्रेत मेंढरू कापलं की ते मला जवळ बोलावून दाखवायचे, आठवतं? चरबीच्या गोळ्यातून गुर्दा सोडवायचे आणि म्हणायचे, ‘देवानं एवढं गुंडाळून ठिवलंय, म्हंजी लई कामाचं हाय.’ तू तेव्हा लिंबामागे जाऊन उभा राहायचास. रक्त तुला बघवायचं नाही. त्यावरून मी तुला खूप चिडवलं आहे, ते मागे घेत नाही.

आजाऱ्याला बघायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊनच येतो. मी ती सगळी शेजारच्या गीताबाईंच्या पोरांना देते आणि पाहुणे तोंड वाकडं करून जातात. त्यांना माहीत नसतं. तुला माहीत होतं. डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, शहाळं नाही, केळी नाही, पाणी मोजून. तू मान हलवली होतीस. आबांनाही माहीत होतं. ते सावरल्यावर मी त्यांच्यावर रागावले, तर ते शांतपणे म्हणाले, ‘पोरानं सोत्ता फोडून हातात दिलं. न्हाई कसं म्हणू?’

हे वाक्य तुझ्यापर्यंत पोचावं एवढ्यासाठी मी ते जसंच्या तसं लिहिलं आहे.

आठवडाभर मी विचार केला. तुला त्यांना मारायचं नव्हतं, हे मला कळतं. शहाळ्यानं ते बरे व्हावेत असं तुला मनापासून वाटत होतं, कारण ते तसे बरे झाले असते तर तुझ्याकडे कुणी दुसरं काही मागितलं नसतं.

संभाजीनगरला तपासण्या झाल्या. माझा रक्तगट जुळला नाही. आईला साखर निघाली. तुझं सगळं जुळलं. येताना गेवराईला चहाला थांबलो तेव्हा तू आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालास, ‘मी हाय ना.’ म्हातारा त्या दिवशी गाडीत गुणगुणत होता. घरी आल्यावर त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, सोमनाथ गुर्दा देतोय. त्यानंतर तुझी शिफ्ट बदलली. मग रजा मिळेना. मग घराचं काम निघालं. मनिषा वहिनींनी तुला अडवलं असं मी म्हणणार नाही. त्या मला फोनवर एवढंच म्हणाल्या की हे घरात बोलतच नाहीत. फोनवर तू माझं सगळं ऐकतोस, हो म्हणतोस आणि इकडच्या उन्हाचं विचारतोस. म्हणून हे कागदावर.

मी तुझी किडनी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. शरीर तुझं आहे. देणारा शेवटच्या दिवशीसुद्धा नाही म्हणू शकतो आणि डॉक्टर कारण विचारत नाहीत. भीती वाटते म्हणून मी तुला नावं ठेवणार नाही. माझा राग तुझ्या गप्प बसण्यावर आहे. मेलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून जी प्रतीक्षा यादी असते, तिच्यात आबा नाव घालू देत नाहीत. ‘लेकरू देतो म्हनलंय, मग दुसऱ्याचं कशाला?’ असं म्हणून त्यांनी दोनदा सही नाकारली आणि त्यात इतके महिने गेले. येत्या शुक्रवारी मी त्यांना पुन्हा संभाजीनगरला नेते आहे. तू येणार असशील तर तसं कळव. येणार नसशील तर मेसेजवर फक्त ‘नाही’ एवढं लिही. मी त्यांना सांगेन की तुझ्या शेवटच्या तपासणीत दोष निघाला, डॉक्टरच नको म्हणाले. रिपोर्टच्या बाबतीत ते माझ्यावर विश्वास ठेवतात. आईलाही हेच सांगेन आणि खरं काय ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही. गावात माझ्याविषयी जे बोलला आहेस ते तसंच राहू दे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं आहे.

तुझीच,
ऋतुजा