वजा चौदा

तीर्थरूप अण्णा,
शरणू शरणार्थ.

आज दिल्लीत आपली शिवरंजनीताई जिंकली. देशाची विजेती ती तीनदा झालीच होती, बँकॉकचा आणि कैरोचा चषकही तिच्याकडे आहे. पण साऱ्या आशियाला तिनं मागं टाकलं ते आज. तुम्हाला मात्र ती हरली असं वाटतंय.

इंजिनिअरिंग सोडून ती गोल्फ खेळू लागली, तेव्हा "काठी घेऊन गवतात हिंडायला वाढवली काय हिला?" म्हणत तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत. आणि आज मुरुम गावच्या आडतीत बसून गुपचूप मोबाइलवर तिचा खेळ बघितलात. तिच्या नावापुढं वजा चौदा दिसलं. आडतीत वजा म्हणजे तूट, म्हणून इतक्या वर्षांनी तुम्ही तिला फोन केलात.

"वजा झालं, व्हय? होऊ दे. लई दमलीस माय. घरी ये."

"येते, अण्णा," एवढंच ती म्हणाली. चषक काखेत होता, तरी तिनं तुमची चूक दुरुस्त केली नाही. मला हे सांगताना ती हसतही होती, रडतही होती.

अण्णा, गोल्फमध्ये ठरल्यापेक्षा चौदा फटके कमी लागले, म्हणून ती पहिली आली. हे कळवायलाच पत्र लिहायला घेतलं. पण कॉन्व्हेंटात मी नापास झाले, तेव्हा सोलापूरच्या स्टँडवर तुम्ही मला असंच जवळ घेतलं होतंत, ते आठवलं आणि पत्र टाकायचं नाही असं ठरवलं.

उद्या पेपरात सगळं येईलच. आजचा फोन मात्र तुम्ही हरलेल्या लेकीला केलात. तिच्या साऱ्या चषकांच्या वर तिनं तोच ठेवलाय.

तुमची धाकटी,
गायत्री