दोन डोंगरांच्या गोगलगाई

खालापूर,
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८०८

गं. भा. सोनुबाई हिस आबाजीदादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. भात पोटरीला आलंय. म्हैस व्याली, तुला चीक पाठवावा असं तुझ्या वहिनीच्या फार मनात होतं. तुझ्या नावामागे 'सौभाग्यवती' लिहायची हाताची सवय जात नाही, आज दोन कागद वाया गेले.

मी ज्यांच्या हाताखाली शंख गोळा करतो, त्या साहेबांची गोगलगाईंची यादी पुरी झाली. त्यांच्या मते गोगलगाईंनाही कुळं असतात. शंखाला वेढे किती, तोंडाची कड जाड की पातळ, यावरून कूळ. डोंगर कुठला, यावरून भावकी. गोगलगाय नदी ओलांडत नाही, म्हणून पळसदरीची निराळी, पाताळगंगेपलीकडची निराळी. दाजी हसले होते, "आबाजी, आपून सोयरीक करताना गाव इचारतो, तसाच तुमचा सायेब हाय."

पण बाय, हे सांगायला लेखणी धरलेली नाही.

दाजींनी दोन डोंगरांचे शंख दोन टोपल्यांत आणून दिले होते, चिखलाने माखलेले. साहेबांपुढे असे कसे ठेवायचे, म्हणून मी सगळे एकाच घंगाळात ओतले आणि तांदळासारखे चोळून धुतले. लख्ख झाले. मग ध्यानात आलं, आता कुठला कुठल्या डोंगराचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते. नोकरीच्या भीतीने मी तुमच्याकडे धावत आलो. दाजी म्हणाले, "कडा निसरडा हाय. दोन दिस उघडू द्या." मीच म्हणालो, नवे शंख आजच हवेत. तू भाकरी बांधून दिलीस. नदीपलीकडचा सोपा डोंगर मी घेतला, पळसदरीचा कडा दाजींना दिला. तिथून ते घसरले ते गेलेच.

गावात मी सांगितलं, ते आपणहून गेले, अडवलं तरी ऐकलं नाही. तू त्यांच्या उशाशी बसून त्यांनाच बोल लावलास, "कुनाचं आयकलं नाय कधी!" मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो.

त्यांच्या कमरेच्या फडक्यात अकरा शंख निघाले. एकही फुटला नव्हता. तेही मी साहेबांना दिले आणि चिठ्ठीवर गोळा करणारा म्हणून माझं नाव लागलं. काल साहेबांना सगळं लिहून कळवलं. त्या अकरांवर दाजींचं नाव घाला म्हटलं. नोकरी राहणार नाही, राहूही नये.

हे पत्र एकदा ऐकलंस की पोशा पाटलाच्या ओटीवर, मी खोटं बोललो तिथेच, चारचौघांत पुन्हा वाचून घे. दाजी हट्टी नव्हते, हे सगळ्यांच्या कानावर पडू दे.

भाऊबीजेला मी आपणहून येणार नाही. पाट मांडावासा वाटला तरच निरोप धाड.

तुझ्या कुंकवाचा अपराधी,
आबाजी