टाळी न देता आलेला आवाज

४ मार्च
पोचलो बाई एकदाचे! ऑफिसनं दिलेलं घर बघून आई हरखलीच. खिडकीची खोली तिनं लगेच आपली म्हणून टाकली. तिला ठार ऐकू येत नाही, त्यामुळे मी पाटीवर लिहायचं, ती तोंडानं उत्तर देते. भिंतींना कान असतात म्हणे. त्यातले दोन आईला द्या म्हणावं! काम मनाजोगं आहे. सभागृह बांधायच्या आधीच त्यात आवाज कसा घुमेल, ते गणितानं काढायचं. साहेब कुठल्याही खोलीत शिरले की आधी टाळी वाजवून बघतात, मग नमस्कार. सगळे त्यांना टाळीसाहेब म्हणतात.

६ मार्च
इथली रीत अशी, की नव्या माणसानं आधी स्वतःच्या घरातली एक खोली अशी गणितानं सोडवून दाखवायची. मी आईची घेतली. कॉम्प्युटरवर खोलीचे चौकोन पाडले, एका जागी गणितातलीच टाळी दिली आणि लाट एका चौकोनातून शेजारच्यात कशी सरकते, ते क्षणाक्षणाला मोजत गेले. भिंतींवरून परतलेले आवाज खऱ्या टाळीशी तंतोतंत जुळले. एकच जास्तीचा निघाला, आईच्या खुर्चीमागून. तिथं तर काहीच नाही. टाळीसाहेब म्हणाले, चौकोन फार मोठे ठेवलेस, बारीक कर, चूक आपोआप विरेल.

९ मार्च
बारीक केले. विरायचं सोडा, आणखी ठळक झाला! गणिताची चूक असती तर कमी झाली असती. म्हणजे ती चूक नाही.
घरी आले तर आई एकटीच हसत बसलेली. काय झालं, पाटीवर विचारलं. म्हणाली, अगं, मगाशी तूच नाही का गप्पा मारत होतीस?
मी दिवसभर ऑफिसात होते. आणि आईला गप्पा ऐकू कशा–

११ मार्च
भिंतीच काढून टाकल्या, म्हणजे गणितात. लाट काठाशी आली की गिळायची, काहीही परत येता कामा नये. बाकी सगळे आवाज गेले. तो एक राहिला. खुर्चीच्या अगदी जवळ.

१२ मार्च
आज टाळीच दिली नाही. शून्यातून शून्यच यायला हवं. लाट आली. स्पीकरवर लावली– बाईचा आवाज, आईला लाडानं हाक मारणारा. टाळीसाहेबांनी दोनदा ऐकलं. म्हणाले, हा तर तुझाच आवाज.
घरी येऊन पाटीवर लिहिलं, सामान बांध, निघू. आई रडायलाच लागली. इतक्या वर्षांनी लेकीचा आवाज कानावर पडतोय, तो सोडून कुठं नेतेस मला, म्हणाली. मी उद्याची टॅक्सी सांगून टाकली.

१३ मार्च
टॅक्सी दारात उभी आहे. आईनं खोलीला आतून कडी घातलीय. पाटी आतच.
आत बोलणं चाललंय. आईचं– आणि माझं.
दार बडवून हात सुजले. वहीचं पान फाडून फटीतून सरकवलं, आई, मी बाहेर आहे. कुणीतरी उचललं. आईनं नाही, तिचा आवाज खिडकीकडून–
घसा फोडून ओरडले. ऐकू गेलं! आईला ऐकू गेलं! विचारतेय, बाहेर कोण गं ओरडतंय?
आणि आतून मी सांगतेय, कुणी नाही, आई, तू–