दारात कोण येणार

घाटकोपर,
६ जानेवारी २०२५

ती. जानकीआत्यास,
मानसीचा सा. न. वि. वि.

तुझ्या वाडीत रेंज नाही आणि आमच्या एका खोलीत फोनवर बोललेलं सगळं बाबांना ऐकू जातं, म्हणून हे पत्र. मानसी म्हणजे मीच, तुझा जुना देवेश. मे महिन्यात हे सगळं तुला सांगितलंय, तरी पुन्हा लिहिते, नाहीतर चुकून आलं म्हणून पत्र परत पाठवशील.

मोठा गोंधळ झालाय. पवईच्या ऑफिसात मला दुपारची पाळी दिलीय, सुटायला रात्रीचे दहा वाजतात. बायकांना इतक्या उशिरापर्यंत ठेवायचं तर त्यांची लेखी संमती लागते आणि घरी सोडायला गाडी द्यावी लागते. माझी संमती बाई म्हणून रीतसर घेतली. मला इतका आनंद झाला की मी न वाचताच सही केली. गाडीच्या वेळी मात्र म्हणाले की तुझ्या सरकारी ओळखपत्रावर ट्रान्सजेंडर लिहिलंय आणि ही गाडी फक्त बायकांची. म्हणजे सहीपुरती बाई, गाडीपुरती नाही. मग मी आहे तरी कोण, असं एचआरच्या प्रियंकामॅडमना विचारलं. त्याही गोंधळल्या, आणि त्यांनी मला चहा पाजला.

रोज रिक्षाने येते. परवा रिक्षावाल्याने नको ते बोलून मध्येच उतरवलं. असंच चाललं तर नोकरी सोडावी लागेल, आणि मानसी म्हणून मिळालेली ही माझी पहिली नोकरी आहे. बाबा अजून बोलत नाहीत. माझं ताट झाकून ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. तक्रार करू की गप्प बसू?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मानसी

वाडी, ता. देवगड,
१४ जानेवारी २०२५

चि. मानसी हिस,
आत्याचे अ. उ. आ.

वर आधी देवेश लिहून खोडलंय, तिकडे काणाडोळा कर. हाताला जुनी सवय आहे.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. सही घेतली आणि गाडी दिली नाही, एवढंच कळलं, बाकीचं डोक्यावरून गेलं. बाईच व्हायचं होतं तर जरा स्वयंपाक तरी शिकायचास! मे महिन्यातली तुझी आंबोळी मी अजून तव्यावरून खरवडतेय.

तक्रार कर. तुझा बाबा गिरणीत बदली कामगार होता. काम पडलं की तो गिरणीचा माणूस, बोनसची वेळ आली की नुसता बदली. घरी येऊन भिंतीवर मूठ आपटायचा. त्याला ही सहीची गोष्ट सांग. बोलत नसला तरी कान शाबूत आहेत त्याचे.

मला त्या रस्त्याची भीती वाटते गं. बघ, गं आपोआप आलं.

जपून राहा, आत्याला विसरू नकोस.
जानकी

घाटकोपर,
८ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
मानसीचा सा. न. वि. वि.

तक्रार केली. कायद्याप्रमाणे अशा तक्रारींसाठी ऑफिसात एक अधिकारी नेमावा लागतो. आमचा कोण, हे शोधण्यातच आठवडा गेला. शेवटी कळलं की ते अकाउंट्सचे केतनसर, आणि हे खुद्द त्यांनाही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की माझी सही खरी धरता तर गाडी द्या, नाहीतर ती सही रद्द करा. त्यांनी वकिलाला विचारलं, आणि गाडी मिळाली!

खरी वाट लागली ती पुढे. गार्ड दारापर्यंत सोडणार आणि घरच्या माणसाने दारात येऊन आत घ्यायचं, असा गाडीचा नियम. शेजारी चालत नाहीत. पहिल्या दिवशी मी ठोकून दिलं की बाबा गावी गेलेत. तेवढ्यात आतून त्यांचा खोकला ऐकू आला. गार्ड माझ्याकडे बघत राहिला. महिनाअखेरपर्यंत चालवून घेतो, मग ऑफिसला कळवावं लागेल, म्हणाला. ऑफिसला कळलं तर गाडी बंद.

सहीची गोष्ट बाबांना सांगितली. त्या रात्री ताटात बांगड्याचा मोठा तुकडा माझ्या वाटणीला होता. याचा अर्थ काय लावू?

आहे तशी मला आपली म्हण.
मानसी

घाटकोपर,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. जानकीस,
काशीरामचे अ. आ.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. तुझं कार्ड पोचलं, दारात उभं राहायला मुंबईला येतेस म्हणून. येऊ नकोस. काजू मोहरलाय, तिकडे कोण बघणार.

काल दार मी उघडलं. जागा मी रोजच असतो. तोंड भिंतीकडे असलं म्हणून काय झालं, ती घरात आल्याशिवाय डोळा लागत नाही. गार्डने विचारलं की ही तुमची कोण. बिचारा सगळीकडे विचारत असेल, पण माझं डोकं फिरलं. सही घेताना हिला काय म्हणाला होतात, म्हणून त्याच्यावरच ओरडलो. मुलगी आहे माझी, दिसत नाही काय, असंही म्हणालो. त्या गड्याला सहीचं काय ठाऊक! चाळीतली दारं उघडली, सगळ्यांनी ऐकलं.

जानकी, मला अजून यातलं काही कळत नाही. तिची आई असती तर काय म्हणाली असती, हेच डोक्यात फिरतं. दार लावलं आणि सवयीने देवेश म्हणून जेवायला हाक मारली. मग जीभ चावली. तिने मात्र ओ दिली आणि दोन ताटं घेतली. कितीतरी महिन्यांनी समोरासमोर जेवलो.

आम्हा दोघांवर जीव आहे तो असू दे. आणि पत्र लिहिशील त्यात तिचं नवं नाव चार-पाच वेळा लिही. मी मोठ्याने वाचतो. सवय होईल.

तुझा भाऊ,
काशीराम